अमेरिकेतल्या कॉलेज कुस्तीची स्कॉलरशिप: पालकांनो, या चुका टाळा

"पोरगा स्टेटच्या स्पर्धेपर्यंत पोहोचला, आता डिव्हिजन वनची फुल स्कॉलरशिप पक्की!" अमेरिकेतल्या आपल्या घरांत हे दर मोसमात ऐकू येतं, आणि खर्चाचं गणित तिथेच चुकतं.

एनसीएए ही कॉलेज खेळांची संघटना. तिच्या डिव्हिजन वन या सर्वांत वरच्या स्तरात पुरुषांच्या कुस्तीला वर्षानुवर्षं प्रत्येक संघामागे ९.९ स्कॉलरशिपची मर्यादा होती, डिव्हिजन टूमध्ये ९ ची. वजनगट १०, म्हणजे गटामागे एक अख्खी स्कॉलरशिपसुद्धा नाही. कोच तिचे तुकडे करून तीसेक मुलांत वाटायचे: कोणाला ६० टक्के, कोणाला १०, बऱ्याच जणांना नुसती संघात जागा. जून २०२५ मध्ये खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढलेल्या हाउस खटल्यातली तडजोड मंजूर झाली. ती स्वीकारलेल्या कॉलेजांना आता स्कॉलरशिपची मर्यादा नाही, पण संघात जास्तीत जास्त ३० मल्ल. 'म्हणजे ३० फुकट जागा' असं समजू नका. कॉलेजला परवानगी मिळाली आहे, पैसे त्यालाच उभे करायचे आहेत.

ऑफर ३० टक्क्यांची आली, तर विचारा: कशाच्या ३० टक्के? समजा वर्षाचा एकूण खर्च ६०,००० डॉलर, त्यात ट्यूशन म्हणजे कॉलेजची फी ४०,०००. एकूण खर्चावर १८,००० मिळतील, नुसत्या ट्यूशनवर १२,०००. चार वर्षांत २४,००० डॉलरचा फरक! कोच फोनवर काहीही म्हणोत. आर्थिक मदतीच्या करारात रक्कम आणि किती वर्षांसाठी हे दिसेपर्यंत मी ती शून्य धरतो.

संघ टिकेल का, हे कोणी विचारतच नाही. जुलै २०२० मध्ये स्टॅनफर्डसारख्या श्रीमंत विद्यापीठाने कुस्तीसह ११ खेळ बंद करायचं जाहीर केलं. मार्च २०२१ मध्ये त्यांचाच शेन ग्रिफिथ १६५ पौंडांत राष्ट्रीय विजेता झाला, अंगात विद्यापीठाचं नाव नसलेला काळा सिंगलेट (कुस्तीचा अंगाबरोबरचा पोशाख) घालून. मे महिन्यात निर्णय मागे घेतला गेला. एवढा आवाज उठवणारे माजी खेळाडू आणि देणगीदार प्रत्येक संघामागे नसतात. म्हणून कुस्तीचा खर्च कोण उचलतं आणि संघ बंद पडला तर स्कॉलरशिपचं काय, हे सही करण्याआधी विचारा.

कॉर्नेल, प्रिन्स्टन, पेन डिव्हिजन वनमध्येच आहेत, पण त्यांची आयव्ही लीग (आठ जुन्या, नामांकित विद्यापीठांचा गट) खेळासाठी स्कॉलरशिप देत नाही. डिव्हिजन थ्रीतही ती नाही. तरी गुणांवर आणि गरजेवर मिळणारी मदत कधी कधी डिव्हिजन वनच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त भरते. 'थ्री' ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी आधी बेरीज करावी. एच-४ व्हिसावरच्या (एच-१बी वर काम करणाऱ्यांच्या) मुलांना केंद्र सरकारची ग्रँट मिळत नाही, तेव्हा कॉलेजची स्वतःची मदत किती ते पाहा.

कोचला ईमेल पाठवायच्या आधी संघाची यादी उघडा. मुलगा १४९ पौंडांचा आणि तिथे त्याच वजनात दुसऱ्या वर्षाची दोन तगडी पोरं असतील, तर कोच त्या गटावर आणखी पैसा घालण्याची शक्यता कमीच. १९७ नंतर थेट २८५ चा गट येतो, त्यामुळे २१५ पौंडांच्या मुलाने आपण कुठल्या गटात लढणार हे पहिल्याच ओळीत लिहावं, आणि त्याखाली जीपीए (शाळेतल्या गुणांची सरासरी).