मालवण-तारकर्लीला जाताय? आधी तिथी बघा, मग बुकिंग करा

दर दिवाळीच्या आसपास ओळखीपाळखीच्या लोकांचे मेसेज सुरू होतात, "अरे तुझं गाव मालवणकडचं ना, आम्ही तीन दिवस जातोय, काय काय बघायचं सांग". आणि मी प्रत्येकाला तेच तेच टाइप करत बसतो, म्हणून यावेळी एकदाच नीट सगळं लिहून काढतोय. काय बघायचं ते कुणीही सांगेल हो, पण कधी बघायचं ते कुणी सांगत नाही आणि मालवणात सगळा खेळ त्या "कधी"चाच आहे. तोच किनारा सकाळी साडेसातला काचेसारखा शांत असतो आणि दुपारी तीनला तिथेच होडी अशी हलते की लहान पोरं रडायला लागतात.

तर पहिला नियम, पाण्यातलं सगळं सकाळी आणि जमिनीवरचं सगळं दुपारनंतर. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे हलका वाहत असतो, मग जमीन तापली की अकरा-बाराच्या सुमारास समुद्राकडून वारा सुटतो आणि लाटा फुटायला लागतात, पाणी ढवळतं. आमचे एक होडीवाले काका आहेत, फोन केला की बाकी काही विचारत नाहीत, एवढंच म्हणतात, "वारो सुटाच्या आधी येवा". त्यांचं न ऐकता एकदा आम्ही रविवारी दुपारी दोनचा स्कुबाचा स्लॉट घेतला होता, दुसऱ्या एकाकडे. अर्धा तास होडीत ताटकळलो, वहिनीला उलट्या झाल्या आणि पाण्याखाली गेल्यावर स्वतःचा हात सोडून फारसं काही दिसलं नाही. पैसे पूर्ण गेले. तेव्हापासून सकाळी आठच्या आत जेट्टीवर.

दुसरा नियम भरती-ओहोटीचा, आणि याला ॲप लागत नाही, घरातलं कालनिर्णय पुरतं. तिथीची पाऊणपट करायची, येतो तो भरतीचा तास. म्हणजे पंचमी असेल तर 5 ची पाऊणपट पावणेचार, तर भरती साधारण पावणेचारला, पहाटेही आणि दुपारीही, आणि त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी म्हणजे सकाळी दहाच्या सुमारास. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी दुपारी बाराला. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो पण प्लॅन करायला एवढं बास आहे, नेमकी वेळ होडीवाल्याला विचारा. दुसरं म्हणजे अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी खूप चढतं खूप उतरतं, ओढ जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी कमी हलतं. स्कुबा करायचं असेल तर भांगाचे दिवस बघा, पाणी निवळ मिळायची शक्यता जास्त असते. नुसतं संध्याकाळी किनाऱ्यावर लांबच लांब चालायचं असेल तर पौर्णिमा उत्तम, कारण साडेपाच-सहाला ओहोटी असते, वाळू कडक आणि रुंद, आणि मागून चंद्र वर येतो.

आता स्कुबाबद्दल थोडं जास्त लिहितो कारण लोक त्यासाठीच येतात आणि तिथेच चुका करतात. पोहता येत नसलं तरी चालतं, हे खरं आहे, सोबत इन्स्ट्रक्टर असतो आणि तो तुम्हाला सोडत नाही. बहुतेक डाइव्ह सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांजवळ होतात, खोली फार नसते. पण सर्दी झालेली असेल, दमा असेल, हृदयाचा त्रास असेल, कानाचं ऑपरेशन झालेलं असेल किंवा गरोदर असाल तर करू नका, आणि हे लपवून तर अजिबात करू नका, फॉर्मवर सगळीकडे टिकमार्क करून मोकळे होतात लोक. सकाळी घावणं-चटणी असं हलकं काहीतरी खा, पोटभर नको. आदल्या रात्री दारू नको. खाली जाताना कान दुखायची वाट बघायची नाही, त्याआधीच नाक चिमटीत धरून हलकेच हवा दाबायची, दर दोन-तीन फुटांवर. श्वास कधीच रोखायचा नाही, तोंडाने सावकाश चालू ठेवायचा. आणि अंगठा वर करू नका! पाण्याखाली अंगठा वर म्हणजे "मला वर ने". बरं चाललंय असं सांगायला अंगठा आणि तर्जनीचं गोल करायचं. आमच्या भावाने आनंदाने अंगठा दाखवला आणि दोन मिनिटांत वर आला, त्याला कळेना काय झालं.

अजून एक, कोरलला हात लावू नका आणि त्याच्यावर उभे राहू नका. मालवणचा हा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, 29 चौरस किलोमीटरचं, आणि त्या कोरलवरच तिथले मासे जगतात. काही जण फोटोत मासे जमावेत म्हणून ब्रेड टाकतात, तुम्ही स्पष्ट नको म्हणा. गिऱ्हाईक नको म्हणालं तरच ते थांबेल.

लाइफ जॅकेट होडीत चढायच्या आधी घाला, बकल लावून. "इथेच तर जायचंय" असं कुणी म्हणालं तरी. मे 2022 मध्ये तारकर्लीला स्कुबा करून परतणारी बोट किनाऱ्याजवळच उलटली आणि दोन जण गेले, त्यामुळे होडीत माणसं जास्त वाटली तर सरळ उतरा, पुढची घ्या. आणि विमानाने परत जाणार असाल (चिपी किंवा गोवा) तर स्कुबा पहिल्या दिवशी उरका, डाइव्हनंतर निदान 18 तास विमानात बसू नये.

सिंधुदुर्ग किल्ला. मालवण जेट्टीवरून होडी दहा-पंधरा मिनिटांत नेते आणि साधारण तासाभराने परत आणते. तो तास कमी पडतो हे आधीच सांगतो. 48 एकरांचं बेट आहे हे, तटाची लांबी तीन किलोमीटर. 25 नोव्हेंबर 1664 ला महाराजांनी पायाभरणी केली, पायात शिसं ओतलेलं आहे. महाद्वार समोरून येताना दिसतच नाही, अगदी जवळ गेल्यावर वळणात सापडतं, तेव्हा मुलांना होडीतूनच सांगा की दरवाजा शोधा. आत गेल्यावर सगळे धावत सेल्फीला जातात, तुम्ही आधी दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरी बघा. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधोमध गोडं, साडेतीनशे वर्षं. मग शिवराजेश्वराचं मंदिर, राजाराम महाराजांनी बांधलेलं, तिथली मूर्ती आपल्या नेहमीच्या चित्रांसारखी नाही, ते शांतपणे बघा. चुन्यातले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे गाइडशिवाय सहज चुकतात, म्हणून गाइड घ्या, स्थानिकच असतात. किल्ल्यावर आजही काही घरं नांदती आहेत, अंगणात न विचारता शिरू नका. कोकम सरबत मात्र त्यांच्याकडेच प्या. तासाभरात सगळं होत नसेल तर होडीवाल्याशी आधी बोलून दोन तासांचं ठरवा, गर्दी नसेल तर ऐकतात.

देवबागला अर्धा दिवस द्या. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे नारळीपोफळींची चिंचोळी पट्टी, तिचं टोक म्हणजे संगम. खाडीत वाळूचा एक पट्टा आहे त्याला सगळे सुनामी आयलंड म्हणतात, तिथे वॉटर स्पोर्ट्स चालतात, आणि तो ओहोटीलाच नीट उघडा पडतो. म्हणून वर सांगितलेला हिशोब! तृतीया ते पंचमी असेल तर सकाळी साडेआठ ते दहा ओहोटी, म्हणजे वाराही नाही आणि वाळूही आहे, यापेक्षा चांगली वेळ नाही. तिथूनच होडी भोगव्याच्या किनाऱ्याला आणि निवतीच्या बाजूला नेते, नशीब असेल तर डॉल्फिन दिसतात, पण होडीवाल्याला पाठलाग करायला लावू नका, इंजिन बंद करून थांबलं की ते जवळ येतात बऱ्याचदा. आणि संगमावर पोहू नका. कितीही उथळ दिसू दे. ओहोटीला नदीचं सगळं पाणी तिथून समुद्रात खेचलं जातं आणि चांगल्या पोहणाऱ्यालाही ते घेऊन जातं. तारकर्लीच्या किनाऱ्यावर कंबरेपर्यंत डुंबा, आणि कधी पाणी आत ओढायला लागलं तर किनाऱ्याकडे थेट झगडत बसायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहून त्या ओढीतून बाजूला व्हायचं.

रापण दिसली तर बाकी सगळं सोडून थांबा. सकाळी तारकर्लीला किंवा चिवल्याला, किनाऱ्यापासून अर्धगोल टाकलेलं जाळं दोन्ही बाजूंनी वीस-तीस माणसं ओढतात. फोटो काढायच्या आधी दोराला हात लावा, दहा मिनिटं ओढा, मग कुणीच नाही म्हणत नाही. दोर ओलांडून मात्र जाऊ नका. जाळं वर आलं की मासळी तिथेच विकत मिळते, राहता तिथल्या काकू करून देतात, आधी विचारून ठेवा फक्त. त्याच काकूंना हेही विचारा की सोमवारी मासे करता का, कारण बऱ्याच घरांत सोमवारी आणि संकष्टीला चूल शाकाहारीच असते, आणि तेव्हा काळ्या वाटाण्याचं सांबार-आंबोळी किंवा ओल्या काजूची उसळ मिळाली (काजू फेब्रुवारीपासून) तर ते सुरमईपेक्षा कमी नाही, मी तरी त्यासाठी सोमवार साधतो. हॉटेलात पापलेट-सुरमईचा दर रोज बदलतो तेव्हा तुकडा बघून, दर विचारून मगच ऑर्डर द्या.

दुपारच्या ट्रिपा. एक धामापूर, मालवण-कुडाळ रस्त्यावरच आहे, 1530 मध्ये बांधलेला तलाव, काठावर भगवतीचं देऊळ आणि भोवती झाडी इतकी की मे महिन्यातही गार वाटतं. तिथून पुढे वालावलचं लक्ष्मीनारायण मंदिर करता येतं, लाकडावरचं कोरीवकाम बघण्यासारखं आहे. हे दोन्ही शेवटच्या दिवशी ठेवा, ज्या दिवशी कुडाळहून गाडी पकडायची आहे, म्हणजे वेगळा दिवस जात नाही. दोन, उत्तरेला तोंडवळी-तळाशील, देवबागसारखीच पट्टी पण गर्दी नाही, आणि तसंच पुढे आचऱ्यावरून कुणकेश्वर. आचऱ्याच्या रामेश्वराला नक्की थांबा, हे ते गाव जे दर काही वर्षांनी देवाचा कौल घेऊन तीन दिवस तीन रात्री आख्खं रिकामं होतं, गुरंढोरं कोंबड्या सकट सगळे वेशीबाहेर राहतात, गावपळण म्हणतात. कुणकेश्वरला सूर्यास्त गाठता येतो पण रात्री परतताना रस्ता अरुंद आणि वळणाचा, सावकाश चालवा.

तीन म्हणजे वेंगुर्ला, याला मात्र पूर्ण दिवस. मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत कांदळवनात नेतात, इंजिनाचा आवाज नाही, कुठलं झाड कुठलं, खेकडे कुठे, पक्षी कुठला, सगळं सांगतात. माझ्या मते सगळ्या सिंधुदुर्गातली ही सगळ्यात सुंदर राइड आहे आणि लोक ती सोडून जेट स्कीला रांग लावतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. जाताना परुळ्याकडून जा, वाटेत निवतीचा किल्ला आहे, छोटासाच, पण वरून भोगव्याचा किनारा दिसतो तो बघून पाय निघत नाही.

सीझन ऑक्टोबर ते मे. जूनपासून समुद्र खवळतो, किल्ल्याच्या होड्या बंद, 1 जून ते 31 जुलै मासेमारीही बंद, तेव्हा किनाऱ्यासाठी येऊ नका, आंबोली किंवा सावडावच्या धबधब्याला या. डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळा, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये येणार असाल तर आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा कधी ते बघा, तिची तारीख दरवर्षी कौल लावून ठरते आणि त्या दोन दिवसांत रेल्वे, गाड्या, खोल्या काही म्हणजे काही मिळत नाही.

रेल्वेचं बुकिंग आता 60 दिवस आधी उघडतं, कोकणकन्या किंवा तुतारीने रात्री निघालात तर सकाळी कुडाळ, आणि परतीला दिवसाची मांडवी घ्या, पूल-बोगदे बघत. बॅगेत जुने फ्लोटर्स घाला कारण खडकांवर कालवं असतात आणि पाय फाटतात, टोपी, पाण्याची बाटली, आणि रोख पैसे, कारण होडीत नेटवर्क जातं आणि यूपीआय अडकतं. परत निघताना मालवणी खाजा घ्याल तो घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, पिशवीत ठेवलात तर कल्याणपर्यंत सगळा मऊ पडतो.