स्त्रीच्या नोकरीला घरातून विरोध असेल तर बोलणी कशी करावी

गावात काम करणाऱ्या कार्यकर्त्याने घरच्यांकडे जाण्याआधी त्या स्त्रीशी एकटीशी बोलावे. तिला नोकरी हवी आहे का आणि कोणत्या अटींवर, हे तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय विषय काढल्यास त्याचा त्रास तिलाच भोगावा लागतो. मारहाणीची भीती असेल, तर ही बोलणी करूच नयेत. आधी तिच्या सुरक्षिततेची सोय पाहावी.

घरात पहिले उत्तर बहुधा ‘लोक काय म्हणतील’ हेच मिळते. त्यावर वाद घालू नये. कागद घेऊन तिचा दिवस सर्वांसमोर लिहून काढावा: पहाटेचे पाणी, जनावरांचा चारा, धारा, स्वयंपाक, आजाऱ्याचे औषधपाणी, मुलांची शाळा. ती कामावर गेल्यावर यांतील कोणते काम कोणाच्या अंगावर येणार, हे प्रत्येक ओळीपुढे नोंदवावे. पुष्कळदा सगळे सासूवर येते, आणि ज्या विरोधाला आपण जुने वळण म्हणतो, तो प्रत्यक्षात तिच्या दुखऱ्या गुडघ्यांचा असतो. कामाची वाटणी पुरुषांच्या नावांसह झाली नाही, तर तोंडी होकाराला फारसा अर्थ नाही.

लोकांचा धाकही पडताळून पाहावा. सौदी अरेबियाची राजधानी रियाध येथील, 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बहुतेक तरुण विवाहित पुरुषांचा स्त्रियांच्या नोकरीला पाठिंबा होता, मात्र इतरांचा पाठिंबा ते कमी धरत होते. खरे प्रमाण कळल्यावर पत्नीसाठी नोकरीच्या नोंदणीला अधिक जण तयार झाले. रियाध शहर आहे, हे मान्य. तरी ज्यांच्या घरातील स्त्रिया आधीच कामावर जातात, अशा पुरुषांना नवऱ्याशी बोलायला लावणे गावातही शक्य असते.

पैशाचा विषय संकोचाने टाळू नये. मध्य प्रदेशात रोजगार हमीची मजुरी थेट स्त्रियांच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा होऊ लागली आणि खाते वापरण्याचे प्रशिक्षणही मिळाले, तेव्हा त्या अधिक काम करू लागल्या, असे एका अभ्यासात दिसले. म्हणून पहिल्या पगाराआधीच तिच्या नावाचे खाते उघडावे आणि घरखर्चाला किती द्यायचे, ते तिच्या संमतीने ठरवावे.

शेवटी, कायमचा होकार न मागता ठरावीक मुदतीची मान्यता घ्यावी, आणि त्या मुदतीत सुगी येत असल्यास शेतावर तिच्याऐवजी कोण जाईल किंवा मजूर लावायचा का, हे त्याच बैठकीत ठरवून घ्यावे.