लाल रेघ येत नाही अशा चुका: लूज, ऑफ, टू आणि बाकी मंडळी

मेल लिहिला, स्पेलचेक मारला, एकही लाल रेघ नाही, खुशीत सेंड केला आणि मग कोणीतरी कळवलं की 'लूज' लिहिताना एक ओ जास्तीचा पडलाय. झालंय ना असं? लाल रेघ येणार कशी, दोन्ही स्पेलिंगं डिक्शनरीत आहेत, त्या बिचाऱ्या स्पेलचेकरला काय माहीत तुम्हाला पँट ढगळ आहे म्हणायचंय की मॅच हरलो म्हणायचंय. कधीकधी निळी रेघ येते, पण तिच्या भरवशावर राहू नका.

आणि माझं सरळ म्हणणं आहे की यात अर्धा दोष आपल्या उच्चारांचा आहे. लूजचंच घ्या. नट लूज झालाय, शर्ट लूज होतोय, लूज मोशन, सगळीकडे आपण जहाजातला ज लावतो. इंग्रजीत मात्र दोन ओ वाला, म्हणजे सैल या अर्थाचा शब्द 'लूस' असा म्हणतात, साधा स. ज चा आवाज आहे तो एकाच ओ वाल्याला, म्हणजे हरणे-हरवणे-गमावणे वाल्याला. थोडक्यात ढिल्या नटाला आपण हरवण्याचा उच्चार देऊन बसलोय, मग लिहिताना हात घसरणारच की. 'मला वजन कमी करायचंय' हे दोन ओ टाकून लिहिलंत तर वजन मोकळं सोडायचंय असं काहीतरी होतं. लक्षात ठेवायला सोपं आहे, काही हरवलं असेल तर एक ओ पण हरवलाय समजायचं. आणि लूजर म्हणून कोणाला शिवी द्यायचीच असेल तर निदान एका ओ ने द्या, दोन ओ घातले की तो माणूस फक्त 'जास्त सैल' होतो 😄

आता ऑफ. हा तर आपल्याकडे फारच माजलेला घोळ आहे, कारण देवनागरीत दोन्ही 'ऑफ'च लिहितात, बँक ऑफ महाराष्ट्र पण ऑफ आणि लाईट ऑफ कर पण ऑफ. ज्यांचं इंग्रजी पाचवीपासून सुरू झालं (2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून आलं, त्याआधीचे आपण सगळे) त्यांनी तर एक एफ वाला शब्द सुद्धा फ नेच पाठ केला. त्याचा खरा उच्चार 'ऑव्ह' आहे, फ नाहीच त्यात. गंमत म्हणजे मुळात हे दोन्ही एकच शब्द होते, जोर देऊन म्हटलेला तो दोन एफ वाला झाला आणि साधारण सतराव्या शतकाच्या आसपास दोघांनी पक्की वेगळी बिऱ्हाडं केली, म्हणजे खुद्द इंग्रजांचाही शेकडो वर्षं घोळच होता. आपल्यासाठी टेस्ट अशी की मराठीत चा-ची-चे बसतंय का बघायचं. बसलं तर एक एफ. बंद, दूर, सुटलेलं, कमी केलेलं असं काही असेल तर दोन एफ. दिवाळीत दुकानाबाहेर '50 टक्के ऑफ' एका एफ ने रंगवलेले बोर्ड बघा, त्याचा अर्थ '50 टक्के कशाचे?' असा होतो, वाक्य अर्धवट लटकतं. गिऱ्हाईक आत जातंच म्हणा, त्याला साडी हवीय, व्याकरण नको.

देन आणि दॅन वर जास्त वेळ घालवायची गरज नाही, ई वाला 'मग', ए वाला 'पेक्षा', मनात मराठी म्हणून बघा, 'माझ्या मग उंच आहे' असं वाटलं की चुकलात.

टू मध्ये मात्र दोन भानगडी आहेत. एक स्पेलिंगची, एक ओ की दोन. 'सुद्धा' किंवा 'फारच' असेल तर दोन ओ, नाहीतर एक. दुसरी अर्थाची आणि ती कोणी सांगत नाही. आपण 'टू टेस्टी होतं जेवण' असं कौतुकाने म्हणतो, पण दोन ओ वाल्या टू मध्ये प्रमाणाबाहेर गेल्याचा वास असतो. चहा टू हॉट म्हणजे इतका गरम की पिववत नाही. नुसतं कौतुक करायचं असेल तर व्हेरी लिहा ना, कोणी पैसे मागत नाही.

फॉर्म आणि फ्रॉम ही तर निव्वळ बोटांची चूक, घाईत आर आणि ओ ची अदलाबदल होते. यावर एकच उपाय, पाठवायच्या आधी कंट्रोल एफ मारून 'फॉर्म' शोधायचं, जितके सापडतील तितके बघायचे.

सगळ्यात महाग मला पडला तो फ्यू. मराठीत अ, अॅन, द असलं काही नाही, त्यामुळे फ्यूच्या आधीचा 'अ' आपण सहज गाळतो. 'अ फ्यू' म्हणजे थोडे आहेत, नुसतं 'फ्यू' म्हणजे जवळपास नाहीतच. मी परदेशातल्या क्लायंटला लिहिलं 'वी हॅव फ्यू डाउट्स अबाउट द ड्रॉइंग', त्याचं उत्तर आलं 'ग्रेट, गो अहेड'. मी तीन दिवस वाट बघतोय शंकांची उत्तरं कधी येतात म्हणून, आणि तो वाट बघतोय काम कधी सुरू होतंय म्हणून. वर परत डाउट म्हणजे तिकडे प्रश्न नाही, तर अविश्वास, खात्री नसणं, म्हणजे तो 'अ' टाकला असता तरी ड्रॉइंगवर आमचा भरवसा नाही असंच त्याने वाचलं असतं. शेवटी दुसरा मेल केला, 'अ फ्यू क्वेश्चन्स' असं लिहून खाली 1 ते 7 नंबर टाकले, तासाभरात सातही उत्तरं आली.