वाईच्या पोरांना वाई कशी दाखवायची

आमच्या चौथीच्या पोरांना अफझलखान विचारा, प्रतापगड, वाघनखं, १६५९ सगळं धडाधड सांगतात. पण तोच खान आपल्या वाईचा सुभेदार होता म्हटलं की वर्ग एकदम गप्प होतो आणि मग मागून कुणीतरी विचारतं, "बाई, मग तो राहायचा कुठे?" इथूनच सुरुवात करायची. पाठ झालेली एखादी गोष्ट घ्यायची आणि गावाला जोडून द्यायची.

दुसरं म्हणजे एका दिवशी एकच ठिकाण. मी पहिल्या वर्षी ढोल्या गणपती, काशीविश्वेश्वर, मेणवलीचा वाडा, विश्वकोशाचं ऑफिस सगळं एका दिवसात उरकलं, पोरं नुसती रांगेत चालत राहिली आणि धड काहीच बघायला मिळालं नाही त्यांना. आता मी आधी एकटी जाऊन येते, सकाळचीच वेळ ठेवते, दहा पोरांमागे एक पालक घेते, आणि पावसाळ्यात घाटावर अजिबात नेत नाही कारण पायऱ्यांवर शेवाळ असतं.

कृष्णेकाठच्या ढोल्या गणपतीचंच घ्या. दर्शनाला सगळे समोरून जातात, एवढी मोठी एका दगडातली मूर्ती बघतात नि परत येतात. तुम्ही पोरांना देवळाच्या मागे न्या. मागची भिंत सपाट नाहीये, होडीच्या टोकासारखी निमुळती आहे. हात लावून बघू द्या, वहीत काढू द्या, आणि का अशी असेल ते विचारा पण उत्तर लगेच सांगू नका प्लीज. शाळेत आल्यावर मैदानातल्या मातीत एक वीट आडवी ठेवायची, शेजारी दुसरी कोपरा पुढे करून, आणि दोन्हींवर समोरून बादलीभर पाणी सोडायचं. आडव्या विटेवर पाणी थाडकन आपटतं, कोपऱ्यावर मात्र दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जातं. मागच्या वेळी एक मुलगी ओरडलीच, "बाई, पूर आला की देऊळ पाणी कापतं!" तिला ते मी सांगितलेलं नव्हतं.

त्यानंतर साल सांगायचं. सरदार गणपतराव रास्त्यांनी हे देऊळ १७६२ मध्ये बांधलं. जुन्या शिलालेखांवर बऱ्याचदा शके असतं, त्यात ७८ मिळवले की साधारण इसवी सन येतो, म्हणजे शके १६८४ चं १७६२. पोरांना ही बेरीज इतकी आवडते की मग दिसेल त्या दगडावर आकडे शोधत बसतात.

घरी विचारायला प्रश्न नेमका द्या. "जुन्या आठवणी सांगा" म्हटलं की आजीआजोबांना काय सांगावं ते सुचत नाही. त्याऐवजी "धोम धरण व्हायच्या आधी पुराचं पाणी आपल्या आळीत कुठवर यायचं?" असं विचारायला सांगा. मग वर्गाच्या फरशीवर खडूने कृष्णा काढायची, गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, रामडोह आळी मांडायच्या आणि ज्याने त्याने आपल्या घरची खूण करायची. गावाचा नकाशा असा पोरांच्या हातून तयार होतो, विकतचा नकाशा त्यानंतर दाखवा.

एक गोष्ट मात्र मी फार जपते. वहीत दोन रकाने करायचे, "लोक सांगतात" आणि "आपल्याला दिसलं किंवा लिहिलेलं सापडलं". वाई म्हणजे महाभारतातली विराटनगरी, हे पहिल्या रकान्यात. कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा, उत्सव अफझलखानाच्या संकटाच्या वेळी बोललेल्या नवसातून सुरू झाला, तेही पहिल्यातच, पण उत्सव आजही प्रत्येक घाटावर होतो हे दुसऱ्यात. आजीची गोष्ट खोटी ठरवायची नाही, फक्त ती कुठल्या रकान्यात जाते एवढं पोरांना कळलं पाहिजे. आठ-नऊ वर्षांच्या पोरांना हे छान जमतं.

पुढच्या महिन्यात मेणवली. वाईपासून तीनेक किलोमीटर, नाना फडणवीसांचा वाडा आणि घाटावरची ती मोठी घंटा, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत. देवळापाशी येशू कसा, हा प्रश्न पोरंच विचारतील, थोडं थांबा. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई पोर्तुगीजांकडून जिंकली आणि ही घंटा तिकडचीच, असं सांगतात (हेही पहिल्या रकान्यात!). मग कागद वाटायचे आणि विचारायचं, एवढी जड घंटा डोंगरातला घाट चढून इथवर आणली कशी असेल? बैलगाड्या, हत्ती, होड्या, काय काय काढतात पोरं. सगळी चित्रं वर्गात लावा, एकही बाजूला ठेवू नका.