फॉस्टर केअरमधलं मूल घरी आलं की सुरुवातीचे दिवस कसे काढायचे

फॉस्टर केअर म्हणजे आईबाबांकडे राहणं सध्या शक्य नसलेल्या मुलाला काही काळ दुसऱ्या कुटुंबाने सांभाळणं. असं मूल येतं ते बऱ्याचदा आयत्या वेळी, एका पिशवीत मावेल एवढं सामान घेऊन, त्यामुळे पहिल्या दिवशी पाहुणे गोळा करू नका, फक्त झोपायची जागा, बाथरूम आणि खायचं कुठे असतं ते दाखवा. उशीखाली बिस्किटं सापडली तर चोरी म्हणून ओरडायचं नाही, आधी उपाशी राहिलेली मुलं असं करतात, उलट त्याला स्वतःचा एक डबा द्या आणि तो रिकामा पडणार नाही एवढं बघा.

खरं अवघड म्हणजे आईबाबांची भेट. भेटून आलं की मूल रडतं, आदळआपट करतं, कधी अंथरूण ओलं करतं आणि आपल्याला वाटतं भेटीच बंद कराव्यात, पण ते ताटातुटीचं दुःख असतं हो, त्या संध्याकाळी अभ्यास-बिभ्यास राहू द्या. त्याच्या आईबद्दल वाईट बोलू नका, कितीही राग आला तरी, कारण ही सोय मुळात तात्पुरती, जमलं तर त्याला परत घरीच जायचंय. म्हणूनच 'आता कायम इथेच राहा' असं कबूल करून बसू नका.

भावंडं दुसऱ्या घरी असतील तर केसवर्करच्या, म्हणजे मुलाची केस सांभाळणाऱ्या सामाजिक कार्यकर्त्याच्या, मागे लागून फोन, भेटी ठरवून घ्या. शाळेचे कागद, लसीचं कार्ड पहिल्याच आठवड्यात मागा, घरं बदलताना नेमकं हेच हरवतं.