लग्नाचं खरकटं कच्चं घालू नका : वराहपालकांना तातडीचा सल्ला

तुळशीची लग्नं लागली की मंगल कार्यालयांतून खरकट्याचे ड्रम फुकटात मिळू लागतात, आणि ते तसेच डुकरांच्या कुंडीत ओतले जातात. घात इथेच होतो.

आफ्रिकन स्वाइन फिव्हर हा डुकरांचा विषाणूजन्य रोग 2020 साली आसाम-अरुणाचलात आला. जुलै 2022 मध्ये केरळातल्या वायनाडच्या फार्मांवर निघाला आणि त्याच हिवाळ्यात तमिळनाडूतल्या मुदुमलईच्या जंगलात रानडुकरं मरून पडली. माणसाला याची लागण होत नाही, पण डुकरांचं शेडच्या शेड रिकामं होतं. यावर औषध नाही.

खरकट्यात डुकराच्या मांसाचा एखादा कच्चट तुकडा आला तरी पुरे. थंडीत हा विषाणू मांसात महिनोन्महिने तग धरतो. 2007 साली जॉर्जिया या देशात हा रोग जहाजांवरच्या खरकट्यातून शिरला असं मानलं जातं. पुढे रानडुकरांनी आणि माणसांच्या ने-आणीने तो युरोपातल्या अनेक देशांत पोचवला.

खरकटं घालायचंच तर 90 अंशांवर पूर्ण तासभर, सतत ढवळत शिजवा. नुसती वाफ आली म्हणजे शिजलं असं नाही. तळाचा गोळा आणि हाडाजवळचं मांस कच्चंच राहतं. कच्च्या ड्रममधलं भांडं शिजलेल्यात बुडवलंत तर सगळं सरपण वाया गेलं. दोन्हीकडची भांडी वेगळी ठेवा, रंग लावून ठेवा. मला विचाराल तर खरकटं बंदच करा, भरडा आणि कोंडा घाला.

मका-उसात रानडुकरं उतरतात. शिकारीचं मांस घरात आणू नका. त्याची आतडी कुत्रं ओढत शेडपर्यंत आणतं. मेलेलं रानडुक्कर दिसलं तर हात न लावता वनविभागाला कळवा.

बाकीची कामं :
- शेडला दुहेरी कुंपण
- शेडची चप्पल वेगळी
- नवं डुक्कर महिनाभर बाजूला
- नर भाड्याने फिरवणं बंद
- घाण खरवडून मग 2 टक्के कॉस्टिक सोडा (50 लिटर पाण्यात 1 किलो, हातमोजे घालून)

दुकानदार ‘इम्युनिटी’च्या महागड्या बाटल्या गळ्यात मारतील. घेऊ नका, या रोगापुढे त्या पाणी आहेत. नेहमीच्या स्वाइन फिव्हरची लस जरूर टोचा, पण ती यावर चालत नाही.

डुकरं खाणं टाकून कोपऱ्यात एकमेकांवर पडून राहिली की थर्मामीटर लावायच्या आधीच मला शंका येते. कान-पोट लाल-निळं पडणं, गाभ जाणं, अचानक मरणं दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना किंवा 1962 या पशुवैद्यकीय हेल्पलाइनला फोन करा. आजारी डुकरं घाईने विकू नका, मेलेली ओढ्यात टाकू नका. भरपाई मिळते ती सरकारी पथकाने नष्ट केलेल्या जनावरांची, म्हणून लपवू नका.