वीर निर्वाण संवतावरून इसवी सन काढताना एक वर्षाची चूक टाळा

मंदिराच्या शिलालेखावर, मूर्तीच्या पाठीमागे किंवा जुन्या पत्रिकेत फक्त ‘वीर सं.’ म्हणजे महावीरांच्या निर्वाणापासून मोजलेला जैन संवत असतो. सरसकट 527 वजा केले की बहुतेक महिन्यांना सन एकाने मागे पडतो, कारण हे वर्ष दिवाळीनंतर, कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बदलते.

आधी महिना वाचा.

1. कार्तिक असेल तर 527 वजा करा.
2. माघ ते आश्विन असेल तर 526. उदा. वीर सं. 2480, माघ म्हणजे 1954. त्याच संवताचा कार्तिक मात्र 1953.
3. मार्गशीर्ष-पौष अडचणीचे. 1 जानेवारी यांतच कुठेतरी येतो, त्यामुळे तिथी जुन्या पंचांगात बघितल्याशिवाय सन लिहू नका.

घरात कालनिर्णय आहे? मग शकावरून वीर संवत काढणे सोपे. गुढीपाडव्यापासून दिवाळीपर्यंत शकात 604 मिळवा, दिवाळीपाडव्यापासून पुढे 605. शके 1947 च्या श्रावणात वीर सं. 2551, मार्गशीर्षात 2552. गुजराती विक्रम संवत दिवाळीनंतरच बदलतो, म्हणून त्यात बारमाही 470 मिळवा.

जपायचे ते कृष्ण पक्षाला. उत्तरेकडच्या हिंदी पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो. महावीर निर्वाण तिथे कार्तिक कृष्ण अमावास्येला छापलेले असते, आपल्याकडे तोच दिवस आश्विन अमावास्या. त्यामुळे हिंदी लेखात ‘कार्तिक कृष्ण’ दिसले तर संवत अजून बदललेला नाही. तिथे 526 च वजा करायचे.